भिलवडीचा कडुनिंब

॥ श्री ॥

सातारा,
१८ नोव्हेंबर

ती. चिंतामणमामांस,
सईचा सा. न. वि. वि.

बातमी फोनवर सांगण्यासारखी होती, पण फोन केला की आई मधे बसणार, तुम्हाला ओरडून सांगणार, तुम्हाला निम्मं कळणार आणि उरलेल्या निम्म्यावरून तुम्ही भांडण काढणार. बत्तीस वर्षं डिझेल इंजिनात बसून तुम्ही कान रेल्वेला देऊन टाकलेत. तेव्हा आपलं पत्रच बरं.

मामा, मला मेमू मिळाली! एक डिसेंबरपासून सकाळची सातारा–सांगली गाडी मी चालवणार. इतकी वर्षं आधी सहायक म्हणून काढली, मग मालगाड्यांवर. कोळसा, खत आणि सिमेंट कधी उशिराची तक्रार करत नाहीत. आता पाठीशी माणसं असतील. कराडच्या कॉलेजची मुलं, किर्लोस्करवाडीचे कामगार, सांगलीच्या दवाखान्यांतल्या नर्सा, भाजीवाल्या, सगळी रोज जाऊन रोज परत येणारी मंडळी.

इंजिन कुठलं, हा तुमचा पहिला प्रश्न असणार. तर इंजिनच नाही. विजेच्या मोटारी डब्यांच्या खालीच बसवलेल्या आहेत. पहिल्या डब्याच्या तोंडाशी माझी खोली, आणि मधल्या पत्र्यापलीकडे लगेच बायकांचा डबा. त्यांच्या गप्पा मला ऐकू येतात. सांगलीला पोचल्यावर इंजिन सोडवा, फिरवा, जोडा ही भानगड नाही. पिशवी उचलायची, फलाटावरून चालत दुसऱ्या टोकाच्या खोलीत जायचं आणि निघायचं.

बाबा गेले तेव्हा मी सहा वर्षांची होते. तुम्ही मला आणि आईला माधवनगरला घेऊन आलात, आणि माझं रडं थांबावं म्हणून रोज संध्याकाळी स्टेशनवर न्यायला लागलात. तिथेच मी ठरवलं होतं. नोकरी लागली त्या दिवशी तुम्ही दिलेली, स्टेशनांत थांबायच्या खुणांची निळी वही अजून माझ्या पिशवीत असते. हे सगळं तुमच्यामुळे, एवढंच सांगायला पत्र लिहिलं. आईला साष्टांग नमस्कार. माया कमी करू नका.

तुमची,
सई

॥ श्री ॥

माधवनगर,
२४ नोव्हेंबर

चि. सईस,
अ. उ. आ.

पत्र पावलं. तुझ्या आईने, शरयूने, आधी मला वाचू दिलं नाही, स्वतः दोनदा वाचलं, मग डोळे पुसत माझ्या हातात दिलं. मला वाटलं कुणीतरी गेलं. वाचल्यावर मीही चष्मा पुसत बसलो. आता वय झालंय, चष्मा सारखा पुसावा लागतो.

इंजिन नसलेली गाडी म्हणजे नवरदेव नसलेली वरात. पण काळ बदलतो, आपण मागे राहून कुरकुर करू नये. तिला आवाजही फार नाही म्हणतात, म्हणजे तिच्यात बसलो तर मी बहिरा ठरणार नाही. ही सोय मला आवडली.

एक मात्र ऐक. स्टेशनात थांबण्यासाठी आता जागोजाग बोर्ड लावलेत, असं मागे तू लिहिलं होतंस. लावोत. बोर्ड माणसं लावतात आणि माणसंच हलवतात. पौष लागला की कृष्णेचं धुकं चढतं, त्यात बोर्ड कसला दिसतोय! झाड दिसतं. म्हणून तर ती वही मी केली. भिलवडीला फलाट संपल्यावर थोडं पुढे कडुनिंब आहे. तो आपल्या खिडकीशी आला की थांबायचं. बत्तीस वर्षांत माझा एकही डबा फलाटाबाहेर उभा राहिला नाही. वही रोज उघडत जा.

तुझं पत्र तारेला लावलं आहे. आजोबांच्या वेळची तीच तार, स्वयंपाकघरातल्या खिळ्यावरची. घरात आलेलं पत्र सगळ्यांनी वाचायचं आणि तारेला लावायचं, हा आपला नियम शरयू अजून पाळते. वीजबिलसुद्धा लावते. वेळेवर जेवत जा, नुसत्या बिस्किटांवर राहू नकोस. इकडची काळजी नसावी, तुझी आम्ही करतोच.

तुझा,
चिंतामणमामा

॥ श्री ॥

सातारा,
१३ डिसेंबर

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

कार्ड घाईत लिहिते आहे. मी खुशाल आहे. गाडी छान आहे. सध्या काही दिवस कार्यालयात काम दिलंय, तेव्हा गाडीवर नाही. थंडी खूप आहे. तुम्ही कानाला मफलर बांधत जा. पुढचं पत्र सवडीने. राग नसावा.

सई

॥ श्री ॥

सातारा,
१३ डिसेंबर

ती. आईस,
सईचा सा. न.

हे पत्र मुद्दाम तुझ्या बालवाडीच्या पत्त्यावर पाठवते आहे. फोनवर सांगता आलं नसतं. तू बोलायला लागलीस की मामा तुझ्या ओठांवरून सगळं ओळखतात. हे त्यांना कळता कामा नये, आई. वाचून फाडून टाक.

दहा तारखेला भिलवडीजवळ असं धुकं होतं, की समोरचे रूळसुद्धा चार हातांपलीकडे दिसेनात. वेग उतरवत मी फलाटात शिरले. थांबायचा बोर्ड शोधत होते, तो दिसेना. तेवढ्यात समोर मामांचा कडुनिंब उभा राहिला. मला किती बरं वाटलं म्हणून सांगू! जणू मामाच भेटले. कडुनिंब खिडकीशी आला आणि मी गाडी अलगद थांबवली. स्वतःवर खूशसुद्धा झाले.

मग बायकांचा आरडाओरडा ऐकू आला. आई, मामांच्या वेळी त्या कडुनिंबाशी इंजिन थांबायचं. इंजिन फलाटाबाहेर राहिलं तरी बिघडत नव्हतं, डबे फलाटावर असायचे. माझ्या गाडीला इंजिन नाही. जिथे इंजिन असायचं तिथे माझा बायकांचा डबा होता. तो जवळजवळ पुरता फलाट सोडून खडीवर उभा होता.

थांबा एक मिनिटाचा. रोजच्या बायका खडीतून धावत डब्याशी आल्या. बनुबाई म्हणून साठीच्या एक बाई आहेत, सांगलीला वांगी विकायला नेतात. डोक्यावर बुट्टी, पायरी उंच, हात निसटला आणि त्या पडल्या. मनगट मोडलं. माझ्या सहायकाने उतरून त्यांना उठवलं, मी खिडकीतून माझा रुमाल टाकला, तो हाताला बांधला. बाकी मी काही करू शकले नाही.

आता चौकशी चालू आहे. तोवर गाडीवरून उतरवलंय, कागद लावत बसते. निकाल विरुद्ध गेला तर प्रवासी गाडी परत हातात मिळणार नाही. साहेबांनी विचारलं, की थांबण्यासाठी कोणती खूण धरली होती. मी लिहून दिलं, अंदाज चुकला. वही दाखवली असती तर मामांचं नाव आलं असतं. ज्यांच्या बत्तीस वर्षांच्या नोकरीवर एक डाग नाही त्यांचं नाव या कागदांत नको. आणि त्यांच्या मनाला काय वाटेल, याचा तर विचारही करवत नाही.

तू काळजी करशील हे माहीत आहे, तरी करू नकोस. तुझा हात डोक्यावर असू दे.

तुझी,
सई

॥ श्री ॥

माधवनगर,
२२ डिसेंबर

चि. सईस,
आईचे अ. आ.

बाळ, तुझ्या आईने घोटाळा केला. आधी मला चार शिव्या दे आणि मग पुढे वाच.

तुझं पत्र बालवाडीत मिळालं. पोरांना चुरमुरे वाटता वाटता वाचलं आणि कपाटामागे जाऊन रडले. घरी आले, पदर खोचला, कुकर लावला आणि तुझं पत्र तारेला लावलं. फाडायचं होतं ते! अगं, हाताला सवय आहे. पत्र वाचून झालं की हात खिळ्याकडे जातो, डोकं विचारतंय कुठे!

संध्याकाळी दादा चहाला बसला. वीजबिल शोधायला म्हणून तार उतरवली. मी कणीक मळत होते. वळून बघते तर त्याच्या हातात तुझं पत्र. त्याने ते दोनदा वाचलं, घडी घातली, पुन्हा तारेला लावलं आणि चहा तसाच टाकून बाहेर ओट्यावर जाऊन बसला. मी समोर जाऊन बोलायला लागले तर डोळे मिटून घेतले. बहिऱ्या माणसाने डोळे मिटले की त्याच्याशी भांडणार कसं, तूच सांग.

दुसऱ्या दिवशी सकाळी टोपी, छत्री आणि पोळीभाजीचा डबा घेऊन निघाला. कुठे म्हणून खुणेने विचारलं तर बोटाने स्टेशनची दिशा दाखवली. दुपारी आला तो बुटांना खडीची धूळ लावून. आज तिसरा दिवस, पुन्हा गेलाय. खिशात भिलवडीचं तिकीट सापडलं. माझा जीव टांगणीला लागलाय. एकाहत्तर वर्षांचा माणूस, ऐकू येत नाही, आणि रुळांच्या कडेने हिंडतोय.

पण सई, खरं सांगू का? तू त्याचं नाव लपवलंस हे वाचून मला तुझा अभिमानही वाटला आणि धाकधूकही झाली. त्याला कुणी झाकलेलं आवडत नाही. सांभाळून राहा, आणि आईवर फार दिवस रुसू नकोस.

तुझी वेंधळी,
आई

॥ श्री ॥

माधवनगर,
२७ डिसेंबर

चि. सईस,
अ. उ. आ.

मी रागावलो आहे. ते आधी लिहून टाकतो, म्हणजे पुढचं नीट लिहिता येईल.

भिलवडीला जाऊन आलो. फलाट जिथे संपतो तिथून कडुनिंबापर्यंत पावलं मोजली. पंचवीस भरली. पंचवीस पावलं म्हणजे माझ्या इंजिनाची लांबी. बत्तीस वर्षं मी पुढे बसून झाड बघितलं आणि माझ्या पाठीमागे एक आख्खं इंजिन आहे हे वहीत लिहायचं विसरलो. तू सरळ लिहिलं होतंस, की गाडीला इंजिन नाही. मी त्यावर विनोद केला आणि कडुनिंब धर म्हणून बजावलं. चूक तुझ्या हातून झाली, पण ती मी शिकवलेली होती. हे लिहिताना मला लाज वाटते.

मग बनुबाईंचं घर विचारत गेलो. हात गळ्यात बांधलेला, आणि एका हाताने कोंबड्यांना दाणे टाकत होत्या. मी सांगितलं की मी त्या पोरीचा मामा, आणि मला ऐकू येत नाही, तेव्हा माझ्याकडे बघून सावकाश बोला. त्यांनी सावकाश नाही, जोरात बोलायला सुरुवात केली. दोन घरं पलीकडची माणसं गोळा झाली. एका मुलीने वहीवर लिहून दिलं म्हणून तुला जसंच्या तसं कळवतो. त्या म्हणाल्या, आवं डायवरसायेब, गाडी हुकली आसंल, पर पोरगी वंगाळ न्हाई. खिडकीतनं तिचं त्वांड बगितलं म्या. हात माजा मोडला आन् रडत हुती ती. ह्या गाडीचं लय उपकार हाईत बगा. आदी टेंपोत उबी ऱ्हाऊन जायाची, गुडगं जायचं. आता बसून जाती आन् दुपारच्याला घरी भाकरी खायाला येती. त्या पोरीला काढू नगा म्हनावं, न्हाईतर मी सवता येऊन सांगीन.

मी त्यांना नमस्कार केला. त्यांनी माझ्या रिकाम्या डब्यात वांगी भरली.

आता मुद्द्याचं. मी कार्यालयाला पत्र लिहायला बसलो होतो, शरयूने पेन काढून घेतलं. म्हणाली, ते सईला करू दे. बरोबर आहे तिचं. म्हणून तुला सांगतो, माझं नाव लपवू नकोस. अंदाज चुकला, हे खोटं आहे. तुझा अंदाज चुकला नव्हता, झाडाशी तू अगदी बरोबर थांबलीस. खूण चुकली. उद्या इंजिनावरून मेमूवर दुसरा कुणी येईल, त्याच्याही डोक्यात असलाच एखादा कडुनिंब असेल. तू खरं सांगितलंस तर तो वाचेल, आणि त्याच्या डब्यातली बनुबाई वाचेल. माझ्या बत्तीस वर्षांना काही होत नाही.

जा आणि खरं सांगून ये. निळी वही पोस्टाने मला परत पाठव. आशीर्वाद नेहमीचाच, रागाने त्यात घट झालेली नाही.

तुझा,
चिंतामणमामा

॥ श्री ॥

सातारा,
१२ जानेवारी

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

सोबत तिळगूळ आणि निळी वही. वही देताना हात जड झाला.

खरं सांगून आले. साहेबांसमोर वही ठेवली आणि भिलवडीचं पान उघडून दाखवलं. मला वाटलं होतं ते चिडतील. त्यांनी पानं उलटायला सुरुवात केली आणि उलटतच राहिले. कराडचा पिंपळ, ताकारीची लाल कौलं, सगळं वाचलं. मग विचारलं, की हे आधी का लिहून दिलं नाही. मी सांगितलं, की ज्यांनी मला वाढवलं त्यांचं नाव चौकशीच्या कागदावर यावं असं वाटलं नाही. त्यांनी वही मिटून माझ्या हातात दिली. म्हणाले, इंजिनावरून आलेल्या प्रत्येकाला आता हे पहिल्या दिवशी शिकवायचं. बनुबाईंचा जबाबही त्यांच्याकडे होता. तो घ्यायला गेलेल्या माणसालाही म्हणे वांगी मिळाली.

निकाल असा, की पंधरा दिवस पुन्हा प्रशिक्षण, आणि अठ्ठावीस तारखेला परीक्षा. सातारा ते सांगली प्रत्येक स्टेशनात बोर्डाशी नेमकं थांबायचं. तपासनीस म्हणून साहेबच शेजारी उभे असतील. जमलं तर गाडी परत माझी. एका स्टेशनात जरी चुकले तरी कायमची कार्यालयात.

मामा, मला भीती वाटते. प्रशिक्षणात सगळं जमतं, पण भिलवडी म्हटलं की अजून कडुनिंबच डोळ्यांपुढे येतो. इतकी वर्षं घोकलेलं पंधरा दिवसांत कसं पुसायचं? रागावला होतात तरी आशीर्वाद धाडलात, याचे उपकार मानू कसे, ते समजत नाही. तो तसाच राहू द्या.

तुमची,
सई

॥ श्री ॥

माधवनगर,
२३ जानेवारी

चि. सईस,
अ. उ. आ.

सोबत नवी वही. दुकानात निळी मिळाली नाही, हिरवी आहे.

रोज सकाळी तुमची ती मेमू धरत होतो. एका स्टेशनात उतरायचं, फलाटावर फिरायचं, पुढच्या गाडीने परत. साताऱ्यापर्यंतची सगळी स्टेशनं झाली. शरयू म्हणते मला वेड लागलं. तारगावच्या स्टेशनमास्तरांनाही तसंच वाटलं, त्यांनी मला चहा पाजून घरचा पत्ता विचारला.

जुनं पुसायचं नाही, सई. पुसलं जात नाही. जुन्याच्या अलीकडे नवं लिहायचं. प्रत्येक पानावर डावीकडे माझी इंजिनाची खूण आहे, उजवीकडे तुझी. बोर्डाच्या अगदी समोर फलाटावर काय आहे ते लिहिलंय, धुक्यातही खिडकीतून दिसेल असंच निवडलंय. भिलवडीला बोर्डासमोर एक सिमेंटचं बाकडं आहे, त्याचा एक कोपरा फुटलेला. कडुनिंब दिसायच्या आधी ते दिसतं. ते बघ आणि थांब. कडुनिंबाला लांबूनच रामराम कर, त्याचाही काही दोष नाही.

आणि एक. गाडीत बसलो तेव्हा मी पाय जमिनीवर घट्ट टेकवून बसायचो. डिझेलची थरथर गुडघ्यापर्यंत यायची. हिची नुसती तळव्यांना गुदगुल्या करते. पण समजते. चालवणारा घाबरला की तेही समजतं. म्हणून घाबरू नकोस.

शेवटचं पान मुद्दाम माधवनगरचं ठेवलंय. ते त्या दिवसापर्यंत उघडू नकोस. यशस्वी हो, आणि म्हाताऱ्याला विसरू नकोस.

तुझा,
चिंतामणमामा

॥ श्री ॥

सांगली,
२८ जानेवारी

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

परतीच्या गाडीला अजून वेळ आहे. फलाटावर बसून लिहिते आहे. कागद मांडीवर आहे, अक्षर सांभाळून घ्या.

कोरेगावला बरोबर, रहिमतपूरला बरोबर, कराडला तर साहेबांनी खिडकीतून वाकून बघितलं, बोर्ड आणि मी समोरासमोर. शेणोली सोडली आणि धुकं लागलं. भिलवडीला पोचेपर्यंत दहा तारखेसारखंच झालं. बोर्ड दिसेना. माझे डोळे आपोआप पुढे, कडुनिंबाकडे धावले. मग तुमचं अक्षर आठवलं आणि मी नजर डावीकडे ओढून आणली. फुटक्या कोपऱ्याचं बाकडं. मी थांबले. बाकड्यावर बुट्टी घेऊन बनुबाई बसल्या होत्या. त्यांचं प्लास्टर निघालंय. उठल्या, दोन पावलं चालल्या आणि फलाटावरून सरळ डब्यात चढल्या. मधल्या पत्र्यावर त्यांनी हाताने थाप मारली. साहेबांनी दचकून बघितलं. मला रडू आलं ते मी नांद्र्यापर्यंत आवरून धरलं.

नांद्र्याला थांबा संपता संपता मी वहीचं शेवटचं पान उघडलं. डावीकडे तुमची जुनी खूण होती, पाण्याची टाकी. उजवीकडे एवढंच लिहिलं होतं: इथे काही लिहीत नाही. मी उभा आहे.

धुक्यातून माधवनगरचा फलाट आला. दुसरं काहीच दिसत नव्हतं. मफलर, टोपी आणि छत्री घेऊन तुम्ही बोर्डासमोर ताठ उभे होतात, लहानपणी मला कडेवर घेऊन उभे राहायचात तसेच. गाडी थांबली तेव्हा माझी खिडकी आणि तुम्ही यांच्यात हातभर अंतर होतं. तुम्ही माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. पुढे होऊन तळहात डब्याच्या पत्र्याला लावलात आणि डोळे मिटून घेतलेत. मी गाडी सोडेपर्यंत तुमचा हात तिथेच होता.

गाडी माझी झाली, मामा. साहेबांनी सांगलीत कागदावर सही केली. खाली उतरताना त्यांनी विचारलं, की माधवनगरला बोर्डासमोर ते कोण उभे होते. मी म्हटलं, ती माझी खूण.

जन्मभर पुरेल एवढं दिलंत. तरी आणखी मागते, उद्याही सकाळी तिथे या.

तुमची,
सई

ता. क. बनुबाईंनी दोन किलो वांगी दिली आहेत, संध्याकाळच्या गाडीने पाठवते. आणि आईला सांगा, हे पत्र तारेला लावायला हरकत नाही.